मुदत संपल्यावर

परतीचा पाऊस असा काही कोसळायला लागला की तळेगावच्या पोलीस ठाण्याच्या ओसरीवर अडकलेल्या माणसांना ना आत जाता येईना, ना बाहेर. आत फौजदारसाहेब जेवायला बसलेले, बाहेर नुसतं पाणीच पाणी. कनीज बाकाच्या एका टोकाला टेकली. दुसऱ्या टोकाला बसलेल्या तरुणानं लगबगीनं सरकून तिला जागा करून दिली. जागा खरं तर आधीच भरपूर होती.

त्याच्या खाकी सदऱ्यावर तेलाचे डाग होते आणि अंगाला घासलेटाचा वास. समोरच्या खांबाला एक सायकल साखळीनं बांधलेली होती. तिच्याकडे तो एखाद्या आजारी नातेवाइकाकडे बघावं तसा बघत होता.

"बिनदिव्याची चालवत होतो," तो आपणहून म्हणाला. "काल संध्याकाळी धरली. तुमची कसली तक्रार?"

"तक्रार नाही. नोंद करायला आलेय."

"कसली नोंद?"

"परदेशी माणसाची."

त्यानं ओसरीवर नजर फिरवली. एक म्हातारा धनगर होता, दोन शेळ्या होत्या. "परदेशी... कोण?"

"मी."

तो हसला. कनीज हसली नाही. तिनं पिशवीतून पासपोर्ट काढून मांडीवर ठेवला, तेव्हा त्याचं हसू हळूहळू मावळलं.

"पण तुम्ही तर आमच्यासारखंच बोलता!"

"इथलीच आहे ना मी. त्या तिकडे, मशिदीमागच्या आळीत जन्मले."

"अस्सं," तो म्हणाला. जरा विचार करून त्यानं पुढे जोडलं, "म्हणजे तुमच्यापुढं माझा गुन्हा काहीच नाही."

आता मात्र कनीजला हसू आवरेना. तेवढ्यात आतून हाक आली. फौजदार मारुतरावांनी चष्मा पुसत पुसत तिचा पासपोर्ट उलटून पाहिला, वहीत नोंद केली, आणि शिक्का मारलेल्या पानावर बोट ठेवून सांगितलं, "चौदा जानेवारी. संक्रांत. तिळगूळ खा आणि बोटीत बस. एक दिवसही इकडंतिकडं नको, बाई."

ती बाहेर आली तेव्हा पाऊस थांबला होता. तो तरुण मात्र होता तिथंच. सायकल मोकळी होऊनही.

...

त्याचं नाव युनूस. आईबाप लहानपणीच गेले. स्टेशनाजवळ एका पत्र्याच्या खोलीत राहायचा आणि मावळापासून चाकणपर्यंत विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करत हिंडायचा. सगळे त्याला 'इंजिनवाला' म्हणत. हे सगळं कनीजला तिच्या मामूंनी सांगितलं, आणि तेही तिनं विचारलेलं नसताना. फारूकमामू बांगड्या विकायचे. त्यांच्या टोपलीत जेवढे रंग, तेवढ्याच जगभरच्या बातम्या.

कनीजची हकीकत साधी होती. सन अठ्ठेचाळीसमध्ये तिच्या वडिलांनी कराचीतल्या भावाच्या बोलावण्यावरून बोचकं बांधलं, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. जाताना कुणी कागद विचारला नव्हता. पुढं चार वर्षांनी दोन्ही देशांनी पासपोर्ट सुरू केले आणि तिची आई माहेराला मुकली ती मुकलीच. गेल्या वर्षी ती वारली. जाताना म्हणाली, माझ्या भावाला एकदा भेटून ये. वडिलांनी दुसरा घरोबा केला होताच. त्यांनी आढेवेढे न घेता तीन महिन्यांची परवानगी दिली.

तिची मराठी मात्र अकराव्या वर्षीच थांबली होती. कराचीत शाळा उर्दू, बाजार उर्दू. मराठी फक्त आईबरोबर, आणि आईशी लेक बोलते ती लहान होऊनच. त्यामुळे वीस वर्षांची ही उंच, शांत मुलगी रागावली की थेट 'कट्टी' म्हणायची.

युनूसला हे कळलं चाकणच्या आठवडे बाजारात. कनीज मामूंच्या मदतीला बसली होती. गर्दीतून वाट काढत तो समोर येऊन उकिडवा बसला.

"बांगड्या हव्यात. बहिणीसाठी."

"माप?"

त्यानं घसा खाकरला. "माप... तुमच्या हाताएवढंच असेल."

"असेल म्हणजे? बहिणीचा हात बघितला नाही कधी?"

"बघितलाय की. पण... मोजला नाही."

कनीजनं हिरव्या बांगड्यांचा एक चुडा स्वतःच्या मनगटावर चढवून दाखवला. युनूस त्या बांगड्यांकडे इतका वेळ बघत राहिला की मागच्या बाईनं त्याला ढोसलं. शेवटी बांगड्या कागदात गुंडाळून घेऊन तो गेला, तेव्हा मामू सुपारी कातरता कातरता म्हणाले, "गुणी पोरगा. एकच आहे पण. ना भाऊ, ना बहीण."

पुढच्या बाजारी तो पुन्हा दिसला तेव्हा कनीजनं मान फिरवली.

"काय झालं?"

"खोटारडे! जा, कट्टी!"

युनूस आधी चकित झाला, मग इतका खूश झाला की त्याला ते लपवता येईना. "किती दिवस कट्टी?"

"जन्मभर."

"तुमचा व्हिसा तर संक्रांतीपर्यंतच आहे..."

बट्टी व्हायला अर्धा तास लागला, आणि एक पुडा गुडदाणी.

मग भेटी होत गेल्या. कधी बाजारात, कधी मामूंच्या दारात, जिथं युनूसच्या सायकलची साखळी हटकून निसटायची. तो कमी बोलायचा. बोलला तर इंजिनांबद्दल. "इंजिन बघायचं नसतं, ऐकायचं असतं," असं तो सांगायचा. "कुठं दुखतंय ते तेच सांगतं." कनीज म्हणायची, "माणसांचंही कळतं का असं?" यावर त्याचे कान लाल व्हायचे.

डिसेंबर लागला आणि मामूंच्या मनात आलं की पोरीला आणखी तीन महिने ठेवून घ्यावं. पुण्याला जाऊन एका अर्जनविसाकडून त्यांनी मुदतवाढीचा अर्ज लिहून घेतला. त्या गृहस्थानं छातीठोकपणे सांगितलं, "अर्ज पडला की उत्तर येईपर्यंत कुणी हात लावत नाही. निवांत राहू द्या."

"हे लेखी दिलंय का कुणी?" युनूसनं विचारलं.

"सगळंच कसं लेखी असेल?" कनीज तडकली. "मी जावं असंच वाटतंय ना तुला?"

'तुम्ही'वरून ती केव्हा 'तू'वर आली ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. युनूस पुढे काही बोलला नाही. बोलायला हवं होतं, असं नंतर तो कितीदा तरी म्हणाला. पण ती राहावी असं त्यालाही वाटत होतं, आणि माणसाला जे हवं असतं ते खरं मानायला फार पुरावा लागत नाही.

संक्रांत आली. तिळगूळ वाटून झाला. बोट कनीजशिवाय गेली.

पाच फेब्रुवारीला उत्तर आलं. अर्ज नामंजूर. अर्जदारानं मूळ मुदतीच्या आत देश सोडावा. मूळ मुदत संपून तीन आठवडे झाले होते.

कागद हातात धरून मामू ओट्यावर बसले ते उठेनात. आता निघावं तर बंदरावर पकडणार, राहावं तर घरात पकडणार. अशा वेळी सरळ ठाण्यात जाऊन सांगायचं असतं. पण भेदरलेल्या माणसाला सरळ वाट सुचत नाही. दुपारी हवालदार चौकशीला आला आणि मामूंच्या तोंडून निघून गेलं, "ती गेली. परवाच गेली मुंबईला." कनीज तेव्हा आतल्या खोलीत पिठाच्या डब्यामागं उभी होती.

एक खोटं बोललं की त्याला राखायला दुसरं लागतं. त्याच दुपारी तिला एसटीत बसवून कुरुळीला पाठवलं.

...

कुरुळीच्या गोजाबाई मामूंना भाऊ मानायच्या. वीस वर्षं त्यांच्याच हातून बांगड्या भरलेल्या. नवरा गेल्यावर बांगड्या सुटल्या, भाऊ सुटला नाही. विहिरीजवळ घर, मागं कांद्याची चाळ, आणि विहिरीवर एक कुरकुरं इंजिन. कनीजला त्यांनी काहीच विचारलं नाही. "भावाची भाची, म्हंजी माजी लेक," एवढंच म्हणाल्या. गावात मात्र सांगितलं की ही परवीन, सोलापूरची.

परवीन म्हणून कुणी हाक मारली की कनीज वळायचीच नाही. बायका म्हणायच्या, पोरगी चांगली हाय, पर कानानं अधू दिसती.

ती बाजाराला जाऊ शकत नव्हती. पाणवठ्यावर फार बोलू शकत नव्हती. वडिलांचं पत्र मामूंकडे येऊन पडलं, त्याला उत्तर धाडता येईना, कारण उत्तरावर कुठल्या गावचा शिक्का पडेल याची धास्ती. मार्चमध्ये दाढ सुजली आणि आठ दिवस ती लवंग धरून कण्हत राहिली. चाकणच्या डॉक्टरच्या वहीत नाव लिहावं लागलं असतं. आणि पोलीस पाटील चावडीवरून सहज इकडं वळला तरी गोजाबाई खाकरायच्या. की कनीज चाळीत, कांद्यांच्या मागं.

अशाच एका दिवशी युनूस आला. गोजाबाईंचं इंजिन त्या वर्षी फारच वारंवार बिघडत होतं. चाळीच्या दारातून त्यानं वाकून पाहिलं, तर कनीजच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"रडतेस?"

"कांदे आहेत."

"खरं सांग."

"निम्मे कांदे," ती म्हणाली.

तो उंबऱ्यावर बसला. खिशातून त्यानं एक पुडी काढली, गुडदाणीची. तिनं ती घेतली, पण उघडली नाही. "मामू कसे आहेत?"

युनूसनं टाळायचा प्रयत्न केला, पण ते त्याला जमायचं नाही. दर सोमवारी मामूंना ठाण्यात बोलावत होते. सकाळी जायचे, संध्याकाळी सुटायचे. कुणी मारत नव्हतं, ओरडत नव्हतं. नुसतं बसवून ठेवत होते. बाजार बुडत चालला होता. मामूंच्या टोपलीतल्या बातम्या पार आटल्या होत्या.

"त्यांनी एक तोड काढलीय," युनूस उंबऱ्याची ढलपी सोलत म्हणाला. "रहाटणीला त्यांचे चुलतभाऊ आहेत. तिथं... निकाह लावायचा. परवीनच्या नावानं. रेशनकार्डही त्याच नावानं होईल म्हणतात. मग कोण विचारतंय."

"कुणाशी निकाह?"

"माझ्याशी." तो आणखी खाली वाकला. "मामू म्हणतात, म्हणजे... मी हो म्हटलंय."

गेले कित्येक दिवस कनीज याच वाक्याची वाट बघत होती. ते असं येईल, मामूंच्या नावानं आणि भलत्याच मुलीसाठी, असं तिला वाटलं नव्हतं.

"काझी विचारतील, परवीन, कबूल आहे? मी म्हणायचं, कबूल. मग तुझं लग्न कुणाशी लागलं, युनूस?"

"तुझ्याशी."

"कागदावर?"

"कागद गेला चुलीत!"

"कागद चुलीत घालून भागत असतं, तर मी इथं कांद्यांत बसले असते का?" तिचा आवाज चढला नाही. "उद्या मूल झालं तर त्याच्या आईचं नाव काय सांगशील? मी मेले तर थडग्यावर कुणाचं नाव घालशील? आणि रोज दार वाजलं की आपण दोघांनी दचकायचं... दोघांनी! आत्ता निदान मी एकटीच दचकते."

"मग काय करायचं?"

"मी ठाण्यात जाणार."

युनूस ताडकन उठला. "वेड लागलंय तुला? ते सरळ बोटीवर चढवतील!"

"चढवू देत. मग मी माझ्या नावानं परत येईन."

"आणि येऊच दिलं नाही तर?"

तिनं मान खाली घातली. युनूस तरातरा विहिरीकडे गेला आणि धड असलेल्या इंजिनाचे नट खोलत बसला. संध्याकाळी सायकल घेऊन निघाला तो वळून न बघता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कनीजनं आपलं बोचकं बांधलं. गोजाबाईंनी भाकरी फडक्यात बांधून दिली आणि तिच्या तोंडावरून हात फिरवला. "जा बाय. लपून ऱ्हायलेलं मानूस सावलीवानी पातळ हुतं. तू लई पातळ झालीस."

ती बाहेर आली. बांधावर युनूस उभा होता. पांढरा सदरा, केस पाणी लावून चापून बसवलेले.

"तू कशाला आलास?"

"एकटी कशी जाशील? चाकणपर्यंत चालायचंय," तो म्हणाला. "आणि मला काल रात्रभर एकच कळत होतं. तू म्हणतेस ते बरोबर आहे. राग त्याचाच येत होता."

चाकणहून तळेगावच्या एसटीत दोघं एका बाकावर बसले. पहिल्यांदाच चारचौघांत असे शेजारी. खिडकीतून एप्रिलचा तापलेला वारा येत होता. इंदोरीजवळ इंद्रायणीचं पाणी दिसलं तेव्हा युनूस म्हणाला, "मुंबईला पोचेपर्यंत तरी मला बरोबर येऊ देतील ना?"

"मला काय विचारतोस? फौजदारांना विचार."

"विचारीन." थोडं थांबून, "भीती वाटतेय?"

"खूप."

त्यानं दोघांच्या मध्ये ठेवलेलं तिचं बोचकं उचलून आपल्या मांडीवर घेतलं. बोचकं जिथं होतं ती जागा मग कमी झाली... कुणी सरकलं ते दोघांनीही सांगितलं नाही.

मारुतराव फौजदारांनी तिला दारात पाहिलं आणि हातातला टाक खाली ठेवला. "अडीच महिने शोधतोय, बाई, तुला. माझी मान वरच्यांच्या हातात होती." मग त्यांनी वही ओढली आणि जबानी लिहायला घेतली. शेवटी एक ओळ मोकळी सोडून मोठ्या अक्षरांत लिहिलं: आरोपी आपण होऊन हजर झाली. ते त्यांनी तिला वाचून दाखवलं. "हे एक वाक्य लक्षात ठेव. तुझ्या बाजूनं एवढंच आहे."

मामूंनी जामीन दिला. घरी येऊन ते पहिल्यांदा पोटभर जेवले आणि मग लहान पोरासारखे रडले.

...

खटला मेमध्ये वडगावच्या कोर्टात उभा राहिला. मुदतीबाहेर राहिल्याबद्दल कनीजवर, खोटी माहिती दिल्याबद्दल मामूंवर. वकिलांनी युनूसला बजावलं होतं, "तुमचं नाव कुठं आलेलं नाही. मागं बसा, तोंड उघडू नका."

कनीजनं गुन्हा कबूल केला. मॅजिस्ट्रेट कोरड्या आवाजाचे, वयस्कर गृहस्थ होते. कागद चाळता चाळता त्यांनी विचारलं, "कुरुळीत तुम्ही आहात हे आणखी कुणाला ठाऊक होतं?"

कनीजनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"उत्तर द्या."

"मला ठाऊक होतं, साहेब," मागून आवाज आला.

वकिलांनी डोळे मिटून घेतले. युनूस उभा राहिला होता. सदऱ्याची वरची गुंडी चुकीच्या काजात.

"तुम्ही कोण?"

"युनूस. इंजिनं दुरुस्त करतो. मी तिथं जात होतो. गोजाबाईंचा काही दोष नाही, त्यांना कायदा कळत नाही. मला थोडा कळत होता."

"मग पोलिसांना का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर ती गेली असती, साहेब."

"गेली असती तर तुमचं काय गेलं असतं? तुमचा या बाईंशी संबंध काय?"

युनूसनं कनीजकडे पाहिलं. कोर्टात पंखा नव्हता, आणि सगळ्यांचे हातातले कागद हलायचे थांबले.

"अजून काही नाही," तो म्हणाला. "पण माझं तिच्यावर... मला तिच्याशी लग्न करायचंय. तिच्याच नावानं."

मागं खसखस पिकली. कारकुनानं चष्म्यावरून वर पाहिलं. "साहेब, हे घेऊ का लिहून?"

"घ्या," मॅजिस्ट्रेट म्हणाले. "शपथेवर नाही, पण घ्या."

अशा रीतीनं, जे वाक्य युनूसला आठ महिन्यांत कनीजसमोर उच्चारता आलं नव्हतं, ते सरकारी कागदावर नोंदलं गेलं. कनीजनं पदर तोंडावर ओढला. ती हसत होती की रडत होती, ते तिलाही कळेना. आणि इथं कांदे नव्हते.

आपण होऊन हजर झाली म्हणून शिक्षा हलकी झाली. कोर्ट उठेपर्यंत बसून राहायचं, दंड भरायचा, आणि तीन आठवड्यांच्या आत देश सोडायचा. मामूंना दंड आणि सक्त ताकीद. युनूसला नुसतीच ताकीद.

कोर्ट पाचला उठायचं होतं. व्हरांड्यातल्या बाकावर कनीज शिक्षा भोगत बसली. युनूस पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन आला. पहाऱ्यावरच्या शिपायानं एक मूठ काढून घेतली आणि पाठ फिरवली.

"किती राहिलं?"

"दीड तास," कनीज म्हणाली. "तू मला विचारलं नाहीस अजून. त्यांना सांगितलंस."

"आता विचारतो ना."

"विचार."

त्यानं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. "करवंद खातेस?"

"कबूल," कनीज म्हणाली.

...

निकाह तळेगावातच झाला, शुक्रवारी, दिवसाढवळ्या, दार सताड उघडं ठेवून. काझींनी नाव विचारलं तेव्हा कुणीतरी कुजबुजलं की कराची लिहू नका, उगाच भानगड. मामूच पुढं सरसावले. "लिहा. कनीज फातिमा, अब्दुल रझाक यांची मुलगी, राहणार कराची. सगळं लिहा." गोजाबाई कुरुळीहून आल्या होत्या. त्यांनी नवरीला पहिल्यांदाच तिच्या खऱ्या नावानं हाक मारली आणि ती चटकन वळली, तेव्हा म्हणाल्या, "आगं बया! कान धड हायत की हिचं."

दोघांना एकत्र संसार मिळाला नऊ दिवसांचा. दहाव्या दिवशी मुंबई बंदरावर अधिकाऱ्यानं कनीजच्या पासपोर्टावर मुदतीबाहेर राहिल्याचा शेरा मारला. युनूस तारेच्या कुंपणाबाहेर उभा होता. ओरडून सांगण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं, आणि हळू बोललेलं ऐकू गेलं नसतं. तो हात वर करून तसाच उभा राहिला, बोटीचा धूर दिसेनासा होईपर्यंत.

त्या शेऱ्यानं आपलं काम चोख केलं. कनीजनं कराचीत अर्ज केला, सहा महिन्यांनी नकार आला. कारण एका ओळीचं: पूर्वी नियमभंग. दुसऱ्यांदा केला, त्याचं उत्तरच नाही. वडिलांच्या घरात ती पुन्हा पाहुणी होती. शिवणकाम शिकवायची आणि टपालाची वाट बघायची. शेजारणी म्हणायच्या, नऊ दिवसांच्या नवऱ्यासाठी कुणी बसतं का? ती सुईत दोरा ओवत राहायची.

पत्रं आधी तिसरंच कुणी उघडून वाचतं हे दोघांनाही माहीत होतं. युनूस आधीच लाजाळू, त्यात हे. म्हणून तो इंजिनांबद्दलच लिहायचा. 'कुरुळीचं इंजिन चालू आहे, पण पूर्वीसारखं नाही. आवाज पोकळ येतो. काहीतरी जागेवर नाही.' कनीज उत्तर द्यायची, 'खोलू नका. धीर धरा. जो भाग नाही तो वाटेत आहे.'

तिसऱ्या अर्जाबरोबर युनूसनं इकडून निकाहनाम्याची नक्कल, वडगावच्या निकालाची नक्कल आणि मारुतरावांनी सही केलेला दाखला धाडला. आपण होऊन हजर झाली, हे वाक्य त्यात दोनदा होतं. एकोणसाठच्या डिसेंबरात व्हिसा आला. एका वर्षाचा.

दरम्यान युनूसनं तळेगाव सोडलं होतं. पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहत होते. एका नव्या कंपनीत त्याला फिटरची नोकरी लागली होती आणि चिंचवडला त्यानं खोली घेतली होती. कनीज चिंचवड स्टेशनावर उतरली तेव्हा तो सकाळची पाळी संपवून तसाच धावत आला होता. दीड वर्षात त्यानं काय काय बोलायचं ठरवून ठेवलं होतं! समोर आल्यावर त्यानं फक्त तिची ट्रंक उचलली. मग खाली ठेवली. मग पुन्हा उचलली.

"बारीक झालास," कनीज म्हणाली.

"मेसचं जेवण."

"निम्मं मेसचं," ती म्हणाली, आणि तो एकदाचा हसला.

ठाण्यात नोंद करून दोघं चाळीत पोचेपर्यंत उन्हं कलली होती. सहा खोल्या, मध्ये अरुंद बोळ. मालकीण रुक्मिणीबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ट्रंकेकडे पाहिलं, मग कनीजकडे.

"पाव्हनी का रं, युनूस? किती दिस?"

युनूस उत्तर देणार होता, पण कनीजनंच दिलं. खोटं बोलायचं तिनं केव्हाच सोडलं होतं. "बायको आहे त्यांची. कागद एका वर्षाचा आहे."

"आन् मंग?"

"मग पुन्हा अर्ज करायचा. इथली नागरिक करून घ्या म्हणूनही करायचाय. त्याला किती वर्षं लागतील ठाऊक नाही."

रुक्मिणीबाईंनी सुपातला एक खडा उचलून फेकला आणि विचार केला.

"म्हंजी ऱ्हानारच की! मंग ऐक. बोळ झाडायची पाळी असती हितं. सोमवार माजा, मंगळवारचं कुनी न्हाई, म्हनून मलाच मरावं लागतं. मंगळवार आता तुजा. चुकवायचा न्हाई."

"नाही चुकवणार," कनीज म्हणाली.

खोलीत स्टोव्ह होता, दोन ताटं होती, भिंतीला खिळा होता. युनूसनं ट्रंक कोपऱ्यात ठेवली, दार लोटलं आणि अखेर धीर करून तिचा हात हातात घेतला. "कनीज..."

"युनूस, इथं खराटा कुठं मिळतो?"

"खराटा? आत्ता?"

"आज सोमवार आहे ना," ती म्हणाली. हात तिनं सोडवून घेतला नाही. "दुकान बंद व्हायच्या आत जाऊन येऊ."